कानसेनांचं इंजिन

गाडी दवाखान्याच्या चढावर बंद पडली, तेव्हा कानसेन घरी दाढी करत होते. तरीही त्यांचं म्हणणं असं, की आपण गाडीत असतो तर ती बंद पडलीच नसती. या म्हणण्याला काडीचा अर्थ नव्हता. इंजिनातला एक रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला होता. अशा वेळी गाडीत ती तयार करणारा इंजिनिअर बसलेला असता, तरी त्याने खाली उतरून दुसरी गाडीच शोधली असती. पण हे कानसेनांना सांगणार कोण? सुनेने फोन केला, "बाबा, इंजिनाचं पोट फुटलंय, खाली तेलाचं तळं झालंय," तर हे विचारतात, "आधी आवाज कसा येत होता? टकटक की खडखड?" मागे खोळंबलेल्या गाड्या हॉर्न बडवतायत, गाडीत दवाखान्याच्या धुतलेल्या चादरींचे गठ्ठे, आणि हिने टकटक आणि खडखड यांतला फरक सांगायचा! तिने फोन ठेवून दिला.

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते गॅरेजवाल्यांनी ठेवलेलं, आणि ठेवलं तेव्हा त्यात थट्टेपेक्षा कौतुक जास्त होतं. रस्त्यावरून गाडी नुसती गेली, तरी हे हातातलं काम न थांबवता सांगायचे, "तिसरा प्लग गेलाय याचा." पाहुण्यांची गाडी दारात थांबायच्या आत तिचा रोग ओळखायचे, तो पाहुण्यांना सांगायचे आणि मग 'या, बसा' म्हणायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले, अशी त्यांची बैठक एकदा लागली की गिऱ्हाईकही श्वास रोखून उभं राहायचं. पुढे गॅरेज बंद झालं. बायकोने घराच्या मागच्या बाजूला लाँड्री काढली होती, तिला दवाखान्याचं काम मिळालं, आणि कानसेन त्या लाँड्रीची गाडी चालवू लागले. गेल्या वर्षापासून ती सून चालवते. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातून एकदा येणारा. तेव्हा सकाळी मळक्या चादरी आणायच्या आणि धुतलेल्या पोचवायच्या, हे सगळं तिच्या एकटीवर.

कानसेनांनी गाडी का सोडली? गुडघ्यामुळे. क्लच दाबला की कळ येते, असं त्यांनी घरात सांगितलं होतं, आणि सगळ्यांसमोर जिना चढताना ते न चुकता कण्हायचे.

गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. गुडघा ठणठणीत होता. गेले होते ते डोळे. एकदम नाही, हळूहळू. आधी संध्याकाळचे फलक वाचता येईनात, मग समोरच्या गाडीचा लाल दिवा लाल आहे की नुसताच पेटलाय ते कळेना. एका सकाळी रस्ता ओलांडणारी बाई त्यांना पार बंपरपाशी आल्यावर दिसली. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी किल्ली खुंटीला लावली आणि गुडघा चोळत बसले. डोळ्यांचं कुणाला सांगितलं नाही. त्यांचे थोरले भाऊ, दादा, लेथवर टर्नर होते. त्यांची नजर गेली, तेव्हा घरच्यांनी त्यांना दाराशी खुर्ची टाकून दिली. अगदी प्रेमाने दिली. चहा जागेवर, जेवण जागेवर. पण त्यानंतर त्यांना कुणी काही विचारलं नाही. लेथबद्दल नाही, घराबद्दल नाही, कशाबद्दलच नाही. त्या खुर्चीतच ते गेले. कानसेनांना मरणाचं भय नव्हतं, त्या खुर्चीचं होतं. म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची! कपात चहा ओतताना ते काठावर बोट ठेवायचे, पाना हाताने चाचपून काढायचे, पेपर हातात धरून बसायचे आणि मध्येच एखादं पान उलटायचे.

आणि अशा वेळी इंजिनाने जीव सोडला.

नवी गाडी घेणं शक्यच नव्हतं. जुन्याच गाडीत दुसरं वापरलेलं इंजिन बसवायचं, यावर घरात एकमत झालं. ते तेवढंच. कारण त्याच जातीचं पण नंतरच्या काळातलं इंजिन भंगारात मिळत होतं आणि ते इंजेक्शनचं होतं. कानसेनांच्या गाडीला होता कार्ब्युरेटर. कार्ब्युरेटर म्हणजे हाताच्या पंजाएवढी धातूची डबी. तिच्यात पेट्रोल आणि हवा एकत्र होतात, आणि कोण किती ते दोन-तीन स्क्रू पिळून ठरवायचं. इंजेक्शनच्या गाडीत तेच काम छोटा कॉम्प्युटर करतो. इंजिनभर लावलेले सेन्सर त्याला खबरा पुरवतात, आणि त्या खबरा नेण्यासाठी रंगीबेरंगी वायरींची मनगटाएवढी जाड वेणी असते. आता दोन वाटा होत्या. नवं इंजिन त्याच्या कॉम्प्युटरसकट, वेणीसकट जसंच्या तसं बसवायचं. नाहीतर त्याचं इंजेक्शन उपटून जुना कार्ब्युरेटर त्याच्या डोक्यावर चढवायचा.

"कार्ब्युरेटर," कानसेन म्हणाले.

"इंजेक्शन," सून म्हणाली.

"अगं, कार्ब्युरेटर बिघडला तर रस्त्याच्या कडेला स्क्रूड्रायव्हरने सुटतो. कॉम्प्युटर बिघडला तर काय करशील? त्याचे पाय धरशील?"

"स्क्रूड्रायव्हरने तुम्हाला सुटतो, बाबा. मला नाही."

तिचं काही चूक नव्हतं. थंडीच्या सकाळी ती गाडी सुरू करणं हा एक सोहळाच असायचा. कानसेन स्वेटर चढवून बाहेर यायचे, चोक अर्धा ओढायचे, ॲक्सिलरेटर दाबायचे, थांबायचे, बॉनेटवर हात ठेवायचे, पुन्हा दाबायचे. मग गाडी खोकत खोकत जागी व्हायची. घरी हे ठीक. पण दवाखान्याच्या चढावर गाडी बंद पडली आणि पेट्रोल जास्त झालं, की सून नुसती किल्ली फिरवत बसायची. कानसेनांनी तिला एकदा शिकवायचा प्रयत्नही केला होता. "ऐक. आता जास्त झालंय पेट्रोल. ऐकलंस?"

"काय ऐकू? इंजिनाचा आवाज येतोय."

"तोच तर ऐक!"

"तोच तर ऐकतेय!"

शिकवणी तिथेच संपली. दोनदा उशीर झाल्यावर दवाखान्यात कपड्यांचा कारभार बघणाऱ्या बाईंनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की तुमचं काम स्वच्छ असतं म्हणून गप्प आहे, पण वॉर्डात चादरी नसल्या तर रुग्णाला काय तुमच्या गाडीची गोष्ट सांगू?

"ती गाडी तुमच्या हातावर चालते," सून म्हणाली. "तुमचा हात घरी आणि मी चढावर. मला किल्ली फिरवली की निघायचंय. बाकी काही नको."

सतरा जणांची सतरा मतं आलीच. शेजारचा टेंपोवाला म्हणाला, इंजेक्शन नको, उंदीर वायरी खातात. दूधवाला म्हणाला, गाडीच विका. बायकोच्या धाकट्या भावाचं, म्हणजे कानसेनांच्या मेव्हण्याचं, हमरस्त्यावर चकाचक गॅरेज होतं. तिथे गाडीला लॅपटॉप लावून रोग ओळखायचे. तो येऊन म्हणाला, "भाऊजी, कार्ब्युरेटरचा जमाना गेला. इंजेक्शनच बसवा. माझ्याकडे आणा, मी बसवतो, ताईकडून काय मजुरी घेणार?" झालं! कानसेनांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा पोरगा प्लग कसा काढायचा ते कानसेनांकडेच शिकलेला. "त्याच्या हाती माझी गाडी? मेलो तरी नाही," असं त्यांनी तो गेल्यावर भिंतीला सांगितलं. बायको मात्र इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली, "गाडी ती चालवते ना? मग तिला हवं ते बसवा." बायकोने असं एका वाक्यात सांगितलं, की त्यावर अपील नसे. कानसेन "बरं" म्हणाले.

खरी अडचण त्यांनी पोटातच ठेवली. कार्ब्युरेटर त्यांना डोळे मिटून लावता येत होता. बोटांना स्क्रू कळायचे, कानाला पेट्रोल कळायचं. कार्ब्युरेटर असेपर्यंत ते कानसेन होते आणि डोळ्यांचा प्रश्नच येत नव्हता. ती रंगीत वेणी मात्र त्यांना उघडं पाडणार होती.

भंगारवाला त्यांचा जुना दोस्त. एका कलंडलेल्या गाडीत इंजिन अजून जागेवरच होतं. कानसेनांनी ते हाताने फिरवून पाहिलं, दाब नीट होता. दोस्ताने कामाची सुरुवात करण्याआधी विचारलं, "वायरिंग अख्खं सोडवू की कापू?" हा त्याचा नेहमीचा प्रश्न. अख्खं सोडवायचं तर डॅशबोर्ड उघडा, एकेक प्लग काढा, दुपार त्यातच जाते. कापायचं तर कटर मारला की इंजिन मोकळं, आणि मागे राहिलेलं तांबं वजनावर विकायला मोकळं.

कानसेनांनी वेणी हातात घेतली. भर उन्हात उभे होते तरी लाल, पिवळी आणि पांढरी सोडली तर बाकीच्या सगळ्या वायरी त्यांना चिखलात बुडवून काढल्यासारख्या दिसल्या.

"काप," ते म्हणाले.

"इंजेक्शनचं इंजिन नेतोयस आणि वायरी कापू? उद्या माझ्या नावाने बोंब मारू नकोस."

"जुना कार्ब्युरेटर बसतो यावर. काप म्हणतो ना."

कटर चालला, आणि कानसेनांना कित्येक दिवसांनी मोकळं वाटलं. बाकीचं त्यांनी येताना टेंपोतच रचून ठेवलं. घरी सांगायचं, वायरिंग भंगारात आधीच कापलेलं होतं, आता कार्ब्युरेटरशिवाय इलाज नाही, माझा नाइलाज आहे. मनातल्या मनात मांडे खायला काय जातंय?

चेन लावून इंजिन शेडमध्ये उतरवलं. सून बघायला आली. तिने पहिलाच प्रश्न केला, "वायरी कुठेत?"

"असंच मिळालं. कुणीतरी आधीच कापलेलं."

ती वाकली. इंजिनाच्या बाजूला लोंबणारा वायरींचा तुकडा तिने उचलला आणि टोक उजेडात धरलं. "बाबा, तांबं तर चकाकतंय. आजच कापल्यासारखं."

"चांगल्या प्रतीचं असेल," कानसेन म्हणाले.

आतून बायको फस्सकन हसली. सून हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः भंगारवाल्याकडे गेली. त्याने बिचाऱ्याने काही लपवलं नाही, लपवायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ती परत आली ती पोतं घेऊन. पोत्यात वेणीचा उरलेला भाग आणि कॉम्प्युटरची डबी. पोतं तिने शेडच्या दारात आपटलं.

"तुम्ही कापायला सांगितलंत?"

कानसेन पोत्याचं तोंड चाचपू लागले.

"नको होतं तर तोंडावर सांगायचं. मी भांडले असते, तुम्ही भांडला असता. पण हे असं? आणि वर खोटं?"

"मला वाटलं, कार्ब्युरेटर बरा."

"रोज सकाळी मी तुम्हाला हाक मारावी म्हणून बरा?"

यावर खरं उत्तर एका वाक्याचं होतं. बाई गं, मला रंग दिसत नाहीत. एवढं म्हणाले असते तर पुढची सगळी कटकट वाचली असती. पण माणसाचं घोडं पेंड खातं ते अशाच एका वाक्यापाशी. कानसेन म्हणाले, "जोडतो. जोडतो म्हटलं ना!"

"एकूण एक वायर," सून म्हणाली आणि निघून गेली. तोवर चादरी शेजारच्या टेंपोतून जात होत्या. टेंपोवाला मनाला येईल तेव्हा यायचा, आणि भाडं मात्र तोंडाला येईल तेवढं मागायचा. दवाखान्याच्या बाईंनी शेवटचं सांगून टाकलं होतं, पुढच्या महिन्यापासून स्वतःची गाडी हवी, नाहीतर काम दुसऱ्या लाँड्रीला. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

कानसेन शेडच्या दारात उन्हात स्टूल टाकून बसले. इंजिनाकडची वायरींची टोकं एका हातात, पोत्यातली दुसऱ्या हातात. लाल त्यांनी जोडली. पिवळी जोडली. पांढरी, पांढऱ्यावर काळी रेघ असलेली, आकाशी, सगळ्या डोळ्यांजवळ नेऊन नेऊन जोडल्या. हातांत काहीच खोट नव्हती. सोल्डरिंगचा डाग असा बसायचा, की बघत राहावं. मग उरल्या गडद वायरी, आणि खरी धुलाई सुरू झाली.

"अगं ए, जरा चहा आण," ते बायकोला म्हणायचे. ती आली की सहज विचारल्यासारखं, "ही कोणती गं?"

"ही? डाळिंबी."

"डाळिंबी म्हणजे लाल की तपकिरी?"

"डाळिंबी म्हणजे डाळिंबी!"

"आणि ही?"

"वांगी कलर."

जन्मभर लोकांचे कपडे धुतलेल्या बाईला तपकिरी आणि जांभळा हे रंगच मंजूर नव्हते. तिच्या लेखी ते ढोबळ कामाचे, आंधळ्या माणसाचे रंग. हे ती सहज म्हणाली आणि कानसेनांच्या हातातून वायर सुटली. "तुम्हाला दिसत नाही का?" तिने विचारलं.

"चष्मा आत राहिलाय."

"चष्मा नाकावर आहे."

"मग काच मळली असेल!"

ती कपाळाला हात लावून आत गेली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तरी किती वेळा? त्या दिवशी चहा इतक्यांदा झाला, की कानसेनांना घशाशी येऊ लागलं. शेवटी मोजक्याच वायरी राहिल्या आणि त्यांतल्या दोन गडद, अगदी सारख्या. हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात सून गठ्ठे उतरवत समोर आली. तिच्यासमोर 'ही कोणती गं' विचारायचं? त्यांनी दोन्ही वायरी बोटांत फिरवल्या. बोटांनी आजवर त्यांना कधी दगा दिला नव्हता, पण रंगाला काही खडबडीतपणा नसतो. अंदाजाने एक हिला जोडली, दुसरी तिला. वर टेप गुंडाळून टाकली.

इंजिन जागेवर बसलं. इंजेक्शनला लागणारा पेट्रोलचा पंप टाकीत बसला. सून किल्ली घेऊन आली, बायको ओले हात पुसत आली. किल्ली फिरली. स्टार्टर घुमला, इंजिन फिरलं, फिरत राहिलं आणि पेटलं नाही. पुन्हा. पुन्हा. मग बॅटरीनेही मान टाकली.

दोन दिवस कानसेन त्या इंजिनाशी झटले. पेट्रोल येत होतं, पंपाची गुणगुण ऐकू येत होती. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ते इंजिनाच्या प्रत्येक कोपऱ्यात गेले. आत कुठे खडखड नाही, फुसफुस नाही, काही नाही. कान म्हणत होते सगळं ठीक आहे आणि गाडी म्हणत होती नाही. असं त्यांच्या आयुष्यात झालं नव्हतं. ते कॉम्प्युटरला शिव्या देऊ लागले. मग गाडीला, मग भंगारवाल्याला, मग जेवणात मीठ कमी म्हणून बायकोला. एक पाना त्यांनी एवढ्या जोरात भिरकावला, की पत्र्याला पोचा पडला. त्यात मेव्हणा येऊन उभा राहिला, बॉनेटमध्ये डोकावला आणि म्हणाला, "मी आधीच म्हटलं होतं भाऊजी, हे कानाचं काम नाही."

"तू जा," कानसेन म्हणाले.

तो गेला. कानसेन स्टुलावर बसले आणि ओरडले, "उपटून टाकतो सगळं! उद्या कार्ब्युरेटर बसवतो, परवा गाडी रस्त्यावर!" ओरडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला आतून आनंद झालाय. इंजिन पेटलं नाही याचा आनंद. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण आनंद काही जाईना.

"थांबा," सून म्हणाली. "उपटण्याआधी मी एकदा बघते."

"तू काय बघणार?"

"कापलेलं नीट जोडलंय का तेवढं तरी कळेल मला."

ती टॉर्च घेऊन इंजिनावर वाकली आणि एकेका जोडाची टेप सोडू लागली. भर दुपार होती. कानसेन जागचे हलले नाहीत. टेप सुटल्याचा चर्र चर्र आवाज त्यांना ऐकू येत होता, आणि ते एकेक जोड मोजत होते. मग आवाज थांबला.

"बाबा, इकडे या. हा जोड बघा."

ते आले, वाकले. "चांगलाय की. डाग नीट बसलाय."

"रंग, बाबा."

त्यांनी जोडावरून बोट फिरवलं.

"तपकिरीला जांभळी जोडलीय. आणि शेजारच्या जांभळीला तपकिरी. भंगारवाल्याने मला दाखवलंय, या क्रँकच्या सेन्सरच्या. त्याची खबर जायची तिथे जातच नाहीये. इंजिन फिरतंय हे त्या कॉम्प्युटरला कळणार कसं?"

"नजरचूक झाली असेल."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग दुसरी एक वायर उचलून त्यांच्यासमोर धरली. "ही कोणती?"

कानसेनांनी ती वायर पाहिली. खूप वेळ पाहिली. "काळी," ते म्हणाले.

"हिरवी आहे," सून म्हणाली. आत इस्त्रीचा आवाज थांबला.

"संध्याकाळचं जरा कमी दिसतं," कानसेन म्हणाले. बाहेर ऊन मी मी म्हणत होतं.

आता ही आपल्याला हाताला धरून खुर्चीत बसवणार, चहा आणणार, 'असू दे बाबा' म्हणणार, अशी त्यांनी मनाची तयारी केली. तिने तसं काहीच केलं नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण तेही त्यांना दिसलं नाही. त्यांना ऐकू आला तो तिचा आवाज, आणि तो थरथरत होता.

"गेल्या महिन्यात ब्रेकचे पाइप तुम्ही बदललेत."

"ब्रेकला रंग नसतो. ब्रेक हाताला कळतात."

"आणि हाताला नाही कळलं तर? त्या चढावरून मी खाली येते, बाबा! भरल्या गाडीने. तुम्ही केलंय म्हणून कधी पाय ठेवताना विचारसुद्धा केला नाही मी. तुम्हाला दिसत नव्हतं आणि तुम्ही मला त्या गाडीत बसवलंत?"

वर्षभर त्यांनी स्वतःच्या खुर्चीचा विचार केला होता. आपल्याला कोण काय म्हणेल, कोण विचारेल, कोण विचारणार नाही. चढावरून खाली येणाऱ्या गाडीत कोण बसलंय, याचा विचार त्यांनी एकदाही केला नव्हता. एकदाही नाही. ते स्टुलावर खाली बसले, आणि या वेळी गुडघा चोळायचं त्यांना सुचलं नाही.

"दादासारखं व्हायचं नव्हतं मला," ते म्हणाले. "दाराशी बसायचं नव्हतं. डोळ्यांचं सांगितलं की हातातला पाना काढून घेतात. बाकी काही नाही."

बायको दारात येऊन उभी होती. "दादा बसले ते लपवलं म्हणून," ती म्हणाली. "आधी आले असते तर नजर राखता आली असती, असं डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं. विसरलात?"

विसरले नव्हते. सुनेने डोळे पुसले, सोल्डरिंग आयर्न उचलून त्यांच्या हातात दिलं. "रंग मी सांगणार," ती म्हणाली. "अंदाज करायचा नाही. एकाही वायरीचा." तिने तपकिरी धरली, त्यांनी डाग दिला. तिने जांभळी धरली, त्यांनी डाग दिला. मग बाकीचे सगळे जोड तिने पुन्हा तपासले, आणि कानसेन 'बरोबर आहे ना?' असं प्रत्येक वेळी विचारत राहिले. शेजारच्या टेंपोची बॅटरी जोडून तिने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात पेटलं आणि एका सुरात चालू लागलं. त्यात कानसेनांना दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

सुनेने जरा वेळ ते ऐकलं आणि किल्ली बंद केली.

"उद्या सकाळी मी चादरी घेऊन टेंपोने जाणार आहे. तुम्ही माझ्याबरोबर यायचं. डोळ्यांच्या विभागात."

"टेंपोने? गाडी सुरू झाली की!"

"झाली." ती खाली उतरली. "पण ब्रेक कुणीतरी बघितल्याशिवाय मी या गाडीत बसणार नाही."

ती आत गेली. तिच्यामागे बायकोही गेली. कानसेनांनी बॉनेट बंद केलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला. नंबर त्यांना दिसत नव्हते, पण बटणांच्या जागा बोटांना पाठ होत्या. मेव्हण्याने फोन उचलला. मागे त्याच्या गॅरेजमधल्या मशिनींची घरघर येत होती.

"बोला भाऊजी. उपटलंत का?"

"नाही. ऐक. तू आज ये," कानसेन म्हणाले. "गाडी उचलून चारही चाकं काढ. माझ्या हातचे ब्रेक आहेत. एकूण एक जोड उघडून बघ."

"तुमच्या हातचे? ते मी काय बघायचे?"

"मला दिसत नाही रे," कानसेन म्हणाले. "पोरगी बसते त्या गाडीत."

पलीकडची घरघर थांबली. त्याने कुणाला तरी मशीन बंद करायला सांगितलं असावं.

"येतो," तो म्हणाला. "आत्ताच येतो."